एकोणसाठ विमानं आणि दहा तोंडांचे फासे

३,९३७ उड्डाणं, ५९ विमानं. १९६५च्या युद्धात भारतीय हवाई दलाने काय गमावलं याचा अधिकृत इतिहासातला हिशेब हा असा आहे. भागाकार केला की दीड टक्का येतो. त्याच इतिहासात पाकिस्तानच्या नावावर २,३६४ उड्डाणं आणि ४३ विमानं आहेत, म्हणजे १.८२ टक्के. पाकिस्तानला हे मान्य नाही. त्यांची कबुली १९ विमानांची आणि भारताची विमानं नष्ट केल्याचा दावा १०४चा. तो वाद कुठल्याही बाजूने सोडवा, शंभर वेळा विमान उडालं तर अठ्ठ्याण्णवच्या आसपास वेळा ते परत आलं, एवढं दोन्हीकडून कायम राहतं.

आता नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या घरातला रविवारचा पट बघा. वॉरगेम ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नकाशावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षटकोनी घरं असतात, त्यावर सोंगट्या, एक सोंगटी म्हणजे चार विमानांची तुकडी, आणि निकाल लागतो फासे आणि कोष्टकं यांवर. हाताच्या चपळाईचं काम नाही. निर्णय घ्यायचे आणि त्यांचे परिणाम भोगायचे. एका बाजूला मी, समोर माझा भाचा, तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पंच म्हणून बाबा. विकत आणलेल्या नियमपुस्तिकेप्रमाणे भारताची चार हंटर आणि पाकिस्तानची चार सेबर ही लढाऊ विमानं भिडली की प्रत्येक विमानाने दहा तोंडांचा फासा टाकायचा. आठ, नऊ किंवा दहा पडलं की समोरचं एक विमान गेलं. अशा तीन फेऱ्या. चार विमानं, तीन फेऱ्या, तीस टक्के, म्हणजे एका चकमकीत अख्खी तुकडी जवळजवळ पुसलीच जाते. दोन्ही बाजूंचे मिळून आठ वैमानिक निघाले, तर घरी येतात दोन-तीन.

मी अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. टक्केवारी हे माझं रोजचं काम. दीड टक्का आणि साठ-सत्तर टक्के यांत जे अंतर आहे ते बघून मला चैन पडेना. खेळ म्हणून काय बिघडलं, असं भाचा म्हणतो. बिघडतं हे की हा खेळ इतिहासातल्या खऱ्या युद्धाचं नाव लावून बसलेला आहे. ज्याने तो खेळला तो मनात अशी समजूत घेऊन उठतो की हवाई युद्ध म्हणजे दोन टोळ्यांनी शेवटचा माणूस पडेपर्यंत लढणं. तसं ते नव्हतं, आणि जे लढले त्यांच्याशी प्रामाणिक राहायचं तर नियम बदलायला हवेत.

अशा वेळी बहुतेक जण फाशाचा आकडा बदलतात. आठपासून लागायचं ते आता फक्त दहाला लागेल, झालं काम. पण तेवढ्याने काहीच होत नाही. तीस टक्क्यांचे दहा टक्के केले की खेळणारा तीनऐवजी नऊ फेऱ्या लढत बसतो आणि शेवटी पडलेली विमानं तेवढीच भरतात. त्याला निघून जायला कारणच नसतं. सोंगटी कितीही वेळ आकाशात राहू शकते, तिचं पेट्रोल संपत नाही, तिला उद्या पुन्हा उडायचं नसतं, तिच्या घरी कोणी वाट बघत नसतं. म्हणून विमान पडण्याची शक्यता कमी करत बसण्यापेक्षा ते परत आणण्याची ओढ खेळणाऱ्याच्या मनात कशी येईल, याच्या मागे मी लागले. पुढचं सगळं त्यातूनच निघालं आहे.

सुरुवात एका सुट्या चकमकीऐवजी अख्ख्या मोहिमेपासून केली. १ सप्टेंबर ते २३ सप्टेंबर १९६५. पहिल्या दिवशी हातात जेवढी विमानं, तेवढ्यावरच बावीस-तेवीस दिवस काढायचे. हा एक बदल केला आणि पटावरची हवाच पालटली. पहिल्या दिवशी चार हंटर उधळून टाकले तर चौथ्या दिवशी सैन्य मदत मागतं तेव्हा पाठवायला काही उरत नाही. नकाशा मोठा लागला, तो फ्लेक्सवर छापून घेतला. सोंगट्या अंबडमधल्या लेझर कटिंगवाल्याकडून एमडीएफच्या कापून आणल्या.

मग नोंदी बघत गेले की विमानं नेमकी गेली कशी. ५९ मधली अर्ध्याहून जास्त जमिनीवर उभी असताना गेली. ६ सप्टेंबरच्या संध्याकाळी पठाणकोटवर सेबर आले आणि धावपट्टीच्या आसपास उभी असलेली विमानं त्यांनी जाळली. त्यात नुकतीच सेवेत आलेली दोन मिग-२१ होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्वेकडे कलाईकुंड्याला तेच झालं, तिथे कॅनबेरा बॉम्बर आणि व्हॅम्पायर ही जुनी लढाऊ विमानं गेली. याचा अर्थ, प्रत्यक्ष उडत असताना गेलेली विमानं पाऊण टक्क्याच्याही खाली येतात. आणि आपल्याकडे मिळणारे बहुतेक खेळ सगळा जोर कशावर देतात? आकाशातल्या झटापटीवर. दोन वर्षांनी, ५ जून १९६७ला, इस्रायलच्या हल्ल्यात इजिप्तची तीनशेच्या आसपास विमानं एका दिवसात गेली, त्यातली बहुतेक तळावर उभीच होती. हवाई दल संपवायचा सगळ्यात खात्रीचा मार्ग ते उडण्याआधी गाठणं हा आहे, आणि नियमांत तळाला जागा नसेल तर पुढचं सगळं खोटं पडतं.

म्हणून आमच्या पटावर रोज संध्याकाळी प्रत्येक तळाचा एक निर्णय असतो: विमानं रांगेत ठेवायची की विखुरायची. रांगेत ठेवली की इंधन, दारूगोळा, तपासणी झटपट होते आणि उद्या प्रत्येक विमान दोनदा उडू शकतं. विखुरली तर एकदाच. पण शत्रूचा हल्ला आला आणि विमानं रांगेत असली तर नुकसान चौपट. या नियमाची परीक्षा घ्यायला इतिहासानेच सोय करून ठेवली आहे. १९६५नंतर आपल्या हवाई दलाने तळांवर विमानांसाठी भक्कम आडोसे बांधले आणि ३ डिसेंबर १९७१च्या संध्याकाळी पाकिस्तानने पठाणकोट, अमृतसर, श्रीनगर, अंबाला, आग्रा अशा तळांवर हल्ले केले तेव्हा विमानांचं नुकसान नगण्य झालं. तेव्हा नियम तोच ठेवायचा, फक्त आडोशांची सोंगटी तळावर ठेवायची, आणि दोन्ही वर्षांचे हल्ले खेळून बघायचे. पहिल्यात आग लागली पाहिजे, दुसऱ्यात धावपट्टीला खड्डे पडून काम भागलं पाहिजे. आमच्या पटावर तसं होऊ लागलं तेव्हा मला फार समाधान वाटलं.

आकाशातलं प्रकरण यापेक्षा गुंतागुंतीचं. मूळ नियमांत दोन सोंगट्या एका घरात आल्या की लढाई लागलीच म्हणून समजा. प्रत्यक्षात गाठ पडणं हीच अवघड गोष्ट. २२ नोव्हेंबर १९७१ला पूर्व पाकिस्तानच्या सीमेवर बोयऱ्याला आपल्या चार नॅट लढाऊ विमानांनी तीन सेबर गाठले, दोन पाडले, तिसरं मार खाऊन कसंबसं परत गेलं. मॅसी, गणपती, लाझारस, सोरेस ही नावं आपण अभिमानाने घेतो. पण त्याच दिवशी सकाळपासून सेबर आधी दोनदा येऊन गेले होते आणि आपली विमानं पोचेपर्यंत निघूनही गेले होते. तिसऱ्या वेळी दुपारी तीनच्या सुमाराला गाठ पडली. या आधीच्या दोन फेऱ्यांना कोणी लक्षात ठेवत नाही. टक्केवारीत मात्र त्या मोजल्या जातात, कारण उड्डाण झालं, विमान परत आलं, खाली शून्य लिहिलं गेलं.

आता आमच्याकडे आधी ‘गाठ पडली का’ हा फासा असतो. दोन दहा-तोंडी फासे एकत्र टाकले की शून्य ते नव्याण्णव आकडा मिळतो, टक्केवारीसाठी हे फार सोयीचं. रडारच्या टप्प्यात असेल तर थोडी जास्त शक्यता, खाली झाडांच्या शेंड्यांवरून येणाऱ्या विमानाला खूप कमी. बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ येतं. भाच्याला सुरुवातीला हे भयंकर कंटाळवाणं वाटलं. “मावशी, काहीच घडत नाहीये,” असं तो सारखं म्हणायचा. मग गाठ पडली की पुढचा प्रश्न, आधी कोणी बघितलं? दोघांनी एकाच वेळी बघितलं तर वळणं घेत दोघं दमतात आणि बहुधा कोणी पडत नाही. ज्याला कळलंच नाही की मागे कोणी आहे, तोच पडतो. आमच्या कोष्टकात जीवघेणे आकडे फक्त त्याच रकान्यात आहेत.

इंधनाच्या सोंगट्याही घातल्या. १९४०मध्ये लंडनवर पोचलेल्या जर्मन मेसरश्मिट १०९ लढाऊ विमानाला तिथे लढायला जेमतेम दहा मिनिटं मिळायची, नाहीतर परतताना इंग्लिश चॅनेलच्या पाण्यात उतरण्याची पाळी. आपल्या मिग-२१च्या एफएल प्रकारात आत बसवलेली तोफच नव्हती, पंखांखाली दोन के-१३ क्षेपणास्त्रं, ती सुटली की परतीचा रस्ता. अशा मर्यादा पटावर आल्या की लढाई आपोआप आटोपते. तिसऱ्या फेरीला कोणी थांबतच नाही.

विमानविरोधी तोफांचा नियम हा मला सगळ्यात जिव्हाळ्याचा, कारण खेळणाऱ्याचा स्वभाव त्यात उघडा पडतो. १९७१ला आपली जी विमानं गेली त्यांत जमिनीवरच्या माऱ्याचा वाटा मोठा होता. व्हिएतनाममध्ये अमेरिकेचंही तेच. सेबर आणि मिग यांच्या गोष्टी रंगवून सांगितल्या जातात, पण खालून येणारा मारा हा रोजचा. आमचा नियम असा: लक्ष्यावरून पहिली फेरी मारली की प्रत्येक विमानामागे दोन टक्के धोका. तोफची सावध झालेला असतो, म्हणून दुसऱ्या फेरीला चार टक्के, तिसऱ्याला आठ. एका फेरीत परत आलात तर चारातलं एखादं विमान गमावण्याची शक्यता आठ टक्क्यांच्या आत राहते. तिन्ही फेऱ्या मारल्या तर ती चव्वेचाळीस टक्के होते. लक्ष्य मात्र दर फेरीला थोडं थोडंच उद्ध्वस्त होतं. तिथे फासा हातात घेऊन बसलेल्या माणसाला ठरवायचं असतं की तो पूल, तो रणगाड्यांचा ताफा, आणखी किती किमतीचा आहे. इतिहासातल्या प्रत्येक तुकडीप्रमुखाने हा निर्णय काही सेकंदांत घेतला. आम्हाला चहा पिता पिता घ्यायला मिळतो, पण निदान घ्यावा तरी लागतो.

उंचीचंही तसंच. २६ मे १९९९ला कारगिलमध्ये हवाई हल्ले सुरू झाले. २७ तारखेला एक मिग-२७ इंजिन बंद पडून गेलं, त्याच्या वैमानिकाला शोधायला गेलेलं मिग-२१ खांद्यावरून सोडलेल्या क्षेपणास्त्राने पाडलं, २८ला एक एमआय-१७ हेलिकॉप्टर गेलं. तिथून पुढे हल्ल्यांची उंची वाढवली, एमआय-१७ हल्ल्याच्या कामातून काढली आणि नंतर मिराज-२००० लेझरच्या मार्गदर्शनाने बॉम्ब टाकू लागली. नुकसान थांबलं ते फासे चांगले पडायला लागले म्हणून नव्हे. माणसांनी पद्धत बदलली.

हे वाचताना मला कळलं की आणखी एक खेळाडू पटावर हवा, वरचं मुख्यालय. १ सप्टेंबर १९६५च्या संध्याकाळी जम्मूतल्या छांबच्या आघाडीवर व्हॅम्पायर पाठवली गेली आणि त्यातली चार गेली. त्यानंतर व्हॅम्पायर आणि तूफानी ही जुनी विमानं आघाडीवरून मागे घेतली. पटावर बसलेला उत्साही खेळाडू काय करतो? उरलेली व्हॅम्पायर दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवतो, कारण ती ‘स्वस्त’ आहेत. आता त्याला ते करता येत नाही. एखाद्या प्रकारच्या विमानांचं एका दिवसातलं नुकसान दहा टक्क्यांच्या वर गेलं की पंच मुख्यालयाचा फासा टाकतो: तो प्रकार काही दिवस बंद, किंवा फक्त रात्री, किंवा फक्त सोबतीला लढाऊ विमानं असतील तर. १४ ऑक्टोबर १९४३ला जर्मनीतल्या श्वाइनफुर्टवर गेलेल्या २९१ अमेरिकन बी-१७ बॉम्बर विमानांपैकी ६० परत आली नाहीत. पाचातलं एक. त्यानंतर सोबतीशिवाय जर्मनीत खोलवर जाणं थांबवावं लागलं, लांब पल्ल्याची लढाऊ विमानं हाताशी येईपर्यंत. एवढं नुकसान रोज सोसणारं हवाई दल जगात कुठेच नव्हतं आणि नाही.

टक्के लहान दिसतात म्हणून फसू नये, हे मी भाच्याला आमच्या कारखान्याच्या भाषेत समजावलं. एखादा भाग तीस ऑपरेशनमधून जातो आणि प्रत्येक ठिकाणी फक्त चार टक्के रिजेक्ट होतो असं धर. शेवटी शंभरातले किती उरतील? त्याने मोबाईलवर केलं: एकोणतीस. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश बॉम्बर कमांडच्या, म्हणजे बॉम्बफेकी विमानांच्या दलाच्या, वैमानिकाला एका पाळीत तीस मोहिमा पुऱ्या करायच्या असत. दर मोहिमेला चार टक्के म्हणजे शंभरातले एकोणतीस. दोन टक्के असले तर पंचावन्न. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गवरच्या हल्ल्याच्या एका रात्री, ३० मार्च १९४४ला, ७९५ विमानांतली ९५ गेली, जवळजवळ बारा टक्के. युद्ध संपलं तेव्हा त्या कमांडच्या सुमारे सव्वा लाख हवाई कर्मचाऱ्यांपैकी ५५,५७३ मेले होते. भाचा बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसला. त्यानंतर ‘काहीच घडत नाहीये’ ही तक्रार मी ऐकलेली नाही.

पंचाचं काम बाबांनी फार मनावर घेतलं आहे. ही कल्पना जुनी आहे. १८२४मध्ये प्रशियाच्या सैन्याने स्वीकारलेल्या युद्धखेळातही पंचच खरी परिस्थिती जाणत असे आणि खेळणाऱ्यांना त्यांना दिसेल तेवढंच सांगत असे. आमच्याकडे बाबा शत्रूचं खरं नुकसान स्वतःच्या वहीत लिहितात. मला मिळते ती दाव्याची चिठ्ठी. माझे वैमानिक परत येऊन सांगतात ‘तीन पाडली’, तर खरा आकडा एकही असू शकतो, कधी शून्यही. यात कुणाचा खोटेपणा नसतो. धूर सोडत खाली गेलेलं विमान ढगाखाली सरळ होऊन घरी जातं. एकाच विमानावर दोघं गोळी झाडतात आणि दोघंही मोजतात. १५ सप्टेंबर १९४०ला ब्रिटिशांनी १८५ जर्मन विमानं पाडल्याचं जाहीर केलं, खरी साठच्या आसपास होती. तिकडे जर्मन गुप्तचर विभाग ब्रिटिशांकडे आता मूठभरच विमानं राहिली असं समजून चालला होता आणि दर वेळी समोर नवी येत होती. खेळात हे आलं तेव्हा माझी सावधगिरी वाढली. चिठ्ठ्यांची बेरीज करून ‘आता समोर काही उरलं नसेल’ असं धरून चाललं की चौथ्या दिवशी डोक्यावर बारा सेबर.

याची उलटी बाजूही आहे, आणि तीच मला जास्त हलवते. ७ सप्टेंबर १९६५ला पाकिस्तानच्या सरगोधा तळावर मिस्टेअर ही लढाऊ-बॉम्बर विमानं घेऊन गेलेल्या तुकडीतून स्क्वाड्रन लीडर देवय्या परत आले नाहीत. त्यांनी परतीच्या वाटेवर कितीतरी वेगवान अशा पाकिस्तानी स्टारफायटर विमानाशी झुंज दिली आणि ते पाडलं, हे आपल्याकडे कोणालाच माहीत नव्हतं. सांगायला ते स्वतः उरले नव्हते. पाकिस्तानच्या बाजूने त्या दिवसाचं वर्णन प्रसिद्ध झालं तेव्हा तुकडे जुळत गेले. महावीर चक्र मरणोत्तर मिळालं ते १९८८ला. म्हणून बाबांच्या वहीत एक रकाना असा आहे की ज्यातली नोंद मोहीम संपल्यावरही लगेच वाचून दाखवायची नाही. पुढच्या मोहिमेच्या सुरुवातीला वाचायची. भाच्याने हा नियम सुचवला. मला तो फार आवडला.

बाबा ओझरच्या एचएएलमधून, म्हणजे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या विमान कारखान्यातून, निवृत्त झाले. आमचं लहानपण तिथल्या टाउनशिपमध्ये गेलं. १९६४ला उभा राहिलेला तो कारखाना मिग-२१साठीच होता. एफएल, एम, बिस असे प्रकार तिथे बनले, नंतर मिग-२७, मग सुखोई-३०. बाबा ओव्हरहॉलला होते, म्हणजे आलेलं विमान पार उघडून, एकेक भाग तपासून पुन्हा उभं करायचं. २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं त्या दिवशी त्यांनी टीव्हीसमोरून उठून जेवायला यायलाही नकार दिला.

तर बाबांचा मूळ खेळावर एकच आक्षेप होता, आणि तो नेमका होता. “तुमच्या पटावर विमान एकतर आहे नाहीतर नाही. असं कुठे असतं? गोळी लागलेलं विमान परत येतं. ते मोजा.” म्हणून आता सोंगटीला तीन बाजू समजा: चांगलं, दुखावलेलं, गेलेलं. दुखावलेल्यातही तीन भाग बाबांनी पाडले. तळावरच दोन दिवसांत होईल असं, मागच्या दुरुस्ती डेपोत दोन आठवडे जाईल असं, आणि सुटे भाग काढून घ्यायच्या लायकीचं. ते तिसरं फार महत्त्वाचं. मिग-२१चा मागचा अर्धा भाग इंजिन काढण्यासाठी सबंध सुटा होतो. एकाचं पुढचं शाबूत आणि दुसऱ्याचं मागचं शाबूत असलं तर तळावरच्या माणसांच्या डोक्यात काय येईल हे सांगायला नको. आमच्या नियमात दोन भंगार सोंगट्या आणि एक चांगला फासा मिळून एक विमान परत मिळू शकतं, पण त्यासाठी त्या तळावरची मेकॅनिकची सोंगटी दोन दिवस अडकते आणि तेवढे दिवस बाकीची विमानं तपासणीविना खोळंबतात. हा निर्णय भाच्याला चुरशीच्या झटापटीपेक्षा जास्त अवघड जातो.

दुरुस्तीचा नियम आल्यावर नुकसानाचा आलेख खऱ्यासारखा दिसू लागला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उडण्याजोगी विमानं झपाट्याने कमी होतात, कायमची गेलेली थोडी असतात, मग डेपोतून थोडी थोडी परत येऊ लागतात. सगळी आघाडी त्या मधल्या आठवड्यात अडखळते. मूळ खेळात हे कधीच दिसलं नसतं.

वैमानिकांच्या सोंगट्या विमानांपासून वेगळ्या केल्या. १९४०च्या ब्रिटनवरच्या हवाई लढाईत ब्रिटिशांना विमानांपेक्षा वैमानिकांची चणचण जास्त होती, कारखाने नवी स्पिटफायर, हरिकेन देत होते आणि मोडलेली दुरुस्त होऊन येत होती. स्वतःच्या जमिनीवर पॅराशूटने उतरलेला ब्रिटिश वैमानिक दुसऱ्या दिवशी पुन्हा उडू शकत होता. तिथेच उतरलेला जर्मन युद्धकैदी होत होता. एकच विमान पडलं, दोन बाजूंना किंमत वेगळी. त्यामुळे आमच्या नकाशावर विमान कुठे पडलं ते घर लिहून ठेवतो. सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे अशा दोन वेगळ्या कोष्टकांवर फासा पडतो. सोंगट्यांवर खऱ्या वैमानिकांची नावं घालायची नाहीत, हे मात्र मी पहिल्या दिवशीच ठरवलं. ज्यांची कुटुंबं आजही आहेत त्यांच्या नावावर आपण रविवारी दुपारी फासे टाकायचे नाहीत. स्क्वाड्रनचे क्रमांकसुद्धा आम्ही घेत नाही. अनुभवी, साधा आणि नवखा एवढंच लिहिलेलं असतं.

नवख्यासाठी अपघाताचा फासा आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या भूमीवर, एकही शत्रू नसताना, प्रशिक्षणात सुमारे १५,००० हवाई सैनिक मेले. कोणत्याही हवाई दलाच्या नुकसानाचा मोठा तुकडा असा असतो आणि खेळांत तो गाळला जातो, कारण त्यात कुणाला विजय मिळत नाही. आमच्याकडे दिवसाच्या शेवटी प्रत्येक स्क्वाड्रनसाठी एकदा टक्केवारीचा फासा पडतो. दमलेल्या स्क्वाड्रनला, सलग चार दिवस उडालेल्या स्क्वाड्रनला तो जास्त महागात पडतो. विश्रांतीचा दिवस देणं ही खेळातली चाल झाली आहे.

एवढं सगळं घालून १९६५ खेळलं की कायमचं नुकसान बहुधा दीड ते अडीच टक्क्यांच्या मध्ये येतं. कधी पठाणकोट वाचतं आणि आकडा खाली जातो, कधी दोन तळ एकाच संध्याकाळी जळतात आणि तो चारापर्यंत चढतो. त्यावर मी आणखी रंधा मारणार नाही. जे घडलं तो एकच निकाल शक्य होता असं दाखवणारे नियम मला नको आहेत. जे घडलं ते साधारण अपेक्षेच्या आत बसावं, एवढंच हवं. मला जास्त मोलाचं वाटलं ते वेगळंच. परवा भाच्याने मिस्टेअरची तुकडी पहिल्या फेरीनंतर वळवली. लक्ष्य अर्धंच जळालं होतं, फासे त्याला अनुकूल होते, दुसरी फेरी मारली असती तर तो दिवस त्याचा होता. “चारही आणतो घरी,” एवढंच म्हणाला आणि सोंगटी मागे सरकवली. बाबांनी वहीतून वर बघून मान हलवली.

सध्या १९७१च्या पूर्व आघाडीवर काम चालू आहे आणि तिथे एक नवीन पेच पडला आहे. ६ डिसेंबरला मिग-२१नी ५०० किलोचे बॉम्ब टाकून ढाक्याच्या तेजगाव तळाची धावपट्टी फोडली. पाकिस्तानच्या १४ नंबर स्क्वाड्रनची सेबर त्यानंतर उडू शकली नाहीत. वैमानिक ब्रह्मदेशमार्गे निघून गेले आणि शरणागतीच्या आधी उरलेली विमानं त्यांच्याच लोकांनी निकामी केली. ती ना कोणी आकाशात पाडली, ना हल्ल्यात जमिनीवर जाळली. आमच्या तीन बाजूंच्या सोंगटीत त्यांना जागाच नाही. बाबांचं म्हणणं, धावपट्टीलाच सोंगटी द्या, तिलाही चांगली, दुखावलेली आणि गेलेली अशा तीन बाजू, आणि खड्डे बुजवणाऱ्या मजुरांची सोंगटी वेगळी. भाचा म्हणतो, रात्रीत किती खड्डे बुजतील याचं कोष्टक आधी लागेल. ते तो करतो आहे. मी त्याला एवढंच सांगितलंय की सकाळी धुकं असेल त्या दिवसाचा रकाना विसरू नकोस.